टेम्प्लेट निवडायच्या आधी

ब्लॉगसाठी टेम्प्लेट, म्हणजे मांडणीचा तयार साचा, निवडायचाय? मग टेम्प्लेटच्या गॅलरीत शिरण्यापूर्वी चार पोस्ट लिहून ठेवा. एक लांबलचक, एक दोन परिच्छेदांत आटोपणारी, एक फोटोंनी भरलेली आणि एक बिनफोटोची. टेम्प्लेटचा डेमो (नमुना) देखणा दिसतो तो बहुतेक वेळा त्यातल्या फोटोंच्या जोरावर. आपला मजकूर ओतला की खरं रूप कळतं.

मांडणीचं फार अवघड नाही. वाचायचे लेख असतील तर एकच कॉलम, फोटो हाच माल असेल तर चौकटींची ग्रिड. साइडबार, म्हणजे लेखाशेजारची पट्टी, हवाच असेल, तर त्यात काय ठेवणार ते आधी कागदावर लिहा. मोबाइलवर तो बहुधा लेखाच्या खाली ढकलला जातो, आणि तिथपर्यंत कोण येतंय! पहिल्याच पानावर सरकत्या चित्रांची पट्टी असलेलं टेम्प्लेट मी तरी बघतही नाही.

वेळ द्यायचा तो देवनागरीला. बरीचशी टेम्प्लेटं रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली असतात. म्हणून शीर्षकात ‘स्त्रियांच्या कर्तृत्वाकडे पाहण्याची दृष्टी’ असं काहीतरी टाका आणि ते दोन ओळींत मोडू द्या. ओळी दाटीवाटीने बसल्या असतील तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्या-रफारांना भिडतात. लाइन हाइट (ओळीची उंची) अक्षरांच्या आकाराच्या १.६ ते १.८ पट असली की मजकूर मोकळा वाटतो. अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असेल तर शिरोरेषा तुटते. ती सेटिंग शून्यावर आणता येते का ते पाहा. फॉन्ट बदलता यायलाच हवा: मुक्ता, नोटो सॅन्स देवनागरी किंवा तिरो देवनागरी मराठी लावून बघा. साइटची भाषाही मराठी निवडा. काही फॉन्ट त्यावरूनच मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ दाखवतात, एरवी हिंदी वळणाचे येतात.

फिकट राखाडी अक्षरं सध्या फॅशनमध्ये आहेत, पण उन्हात मोबाइल धरला की ती दिसेनाशी होतात. मजकूर आणि पार्श्वभूमी यांचा कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) किमान ४.५ : १ हवा, तो मोजणारी साधनं फुकट मिळतात.

राहिलं टेम्प्लेटचं वय. शेवटचं अपडेट कधी आलं ते तपासा, दोन-तीन वर्षांत काहीच हललं नसेल तर सोडून द्या. ब्लॉगरवर असाल तर कोडला हात लावण्याआधी थीमचा (म्हणजे टेम्प्लेटचाच) बॅकअप उतरवून घ्या. वर्डप्रेसवर कोडमधले बदल चाइल्ड थीममध्येच (मूळ थीमवर बेतलेल्या वेगळ्या उपथीममध्ये) करा, नाहीतर पुढच्या अपडेटला ते पुसले जातील.