वादळानंतर रस्ता आणि मोरी: आधी पाणी, मग खड्डे

पाऊस थांबला की लोक खड्डे बुजवायला धावतात. मी आधी मोरीकडे, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायला बांधलेल्या छोट्या पुलाकडे जातो. पूर ओसरताना मोरीच्या पायाजवळ पडलेल्या खळग्यात मऊ गाळ बसतो आणि वरून सगळं ठीक दिसतं. म्हणून लांब पहार घेऊन पायाला लागून टोचत जायचं. पहार लोण्यात सुरी जावी तशी आत गेली, तर खालची माती वाहून गेली आहे. मग दोर बांधून वाहतूक बंद, अगदी दुचाकीसुद्धा. इंजिनिअरने पाहिल्याशिवाय सोडायची नाही. इथे भीड बाळगू नका, माणसांचे जीव जातात.

मोरीच्या तोंडातला पालापाचोळा, फांद्या काढा, बाजूची गटारं मोकळी करा.

मग खड्डे. चिखल पूर्ण उपसा, कडा उभ्या कापा. मुरूम मुठीत दाबून पाहा: गोळा झाला पाहिजे, पण हाताला पाणी सुटता कामा नये. एका वेळी 15 सेंटीमीटरपेक्षा जाड थर नको. प्रत्येक थर धुमसाने (माती ठोकायच्या जड ठोकळ्याने) नीट ठोका. कच्च्या रस्त्याला मधून कडेकडे दर मीटरला 4 ते 6 सेंटीमीटर उतार द्या.