पॅलिएटिव्ह वॉर्डला नवीन लागलेल्या सिस्टर आणि ब्रदरसाठी

पॅलिएटिव्हला, म्हणजे बरा न होणाऱ्या आजारात त्रास कमी करण्यावर भर देणाऱ्या वॉर्डला, पहिलं पोस्टिंग आलं की सगळे मॉर्फिनच्या डोसचं आणि सिरिंज पंपाचं टेन्शन घेतात, ते सीनियर सिस्टर शिकवतात हो. अवघड जातं ते दुसरंच. मी मुंबईत काम करते, इथे एकाच रांगेत साताऱ्याचे आजोबा, शेजारी भेंडीबाजारच्या खाला, पलीकडे वसईच्या कॅथलिक आँटी आणि दाराजवळ पारशी काका, आणि शेवटच्या तासांत प्रत्येक घराला वेगळं काहीतरी हवं असतं.

आडनावावरून काही ठरवू नका, विचारा, आणि पेशंट बोलतोय तोवरच विचारा. "काका, तुमच्यासाठी काय करू, काय अजिबात नको?" एवढं पुरतं. कांबळे काका बौद्ध असतील तर त्यांना त्रिशरण पंचशील ऐकायचं असेल, कांबळे ख्रिश्चनही असतात, तिथे आपणच गंगाजलाची बाटली पुढे केली तर घरच्यांच्या जिव्हारी लागतं.

पाण्याचा विषय तर रोजचा. गंगाजल-तुळशीपत्र असो की आबे जमजम (मक्केच्या विहिरीचं पवित्र पाणी), घरच्यांना शेवटचा घोट द्यायचाच असतो, पण गिळता येत नसेल तर पाणी श्वासनलिकेत जातं. वाद घालू नका, गॉज ओला करून त्यांच्याच हातात द्या, ओठांवर, जिभेवर फिरवू देत. घरघर लागली की नातेवाईक घाबरून सारखं सक्शन करा (नळीने स्राव ओढून काढा) म्हणतात, तेव्हा पेशंटला कुशीवर वळवा आणि शांतपणे सांगा की घशात साठलेल्या स्रावाचा आवाज आहे, पेशंटला बहुतेक वेळा त्याचा त्रास जाणवत नाही.

मुस्लिम पेशंटचा चेहरा किब्ल्याकडे (मक्केच्या दिशेला), म्हणजे मुंबईतून साधारण पश्चिमेला, करायला बेड फिरतो का बघा. गुस्ल, म्हणजे मृत्यूनंतरची अंघोळ, बाईला बायका आणि पुरुषाला पुरुष घालतात, म्हणून बॉडीला हात लावणारा स्टाफही तसाच ठेवा. कॅथलिक घरी फादरना पेशंट शुद्धीत असतानाच बोलवायला सांगा. जैन कुटुंबात संथाऱ्याचा (अन्नपाणी सोडून मृत्यू स्वीकारण्याच्या व्रताचा) विषय निघाला तर एकट्याने उत्तर देऊ नका, डॉक्टरांना सोबत बसवा (2015 मध्ये राजस्थान हायकोर्टाने त्यावर बंदी घातली होती, सुप्रीम कोर्टाने त्याच महिन्यात तिला स्थगिती दिली). कस्ती (पारशांचा कमरेचा पवित्र दोरा), जानवं, तावीज, मंगळसूत्र यातलं काहीही विचारल्याशिवाय कापायचं नाही.

हे सगळं केसपेपरवर लिहा आणि हँडओव्हरला तोंडीही सांगा, नाहीतर नाइटच्या सिस्टरला कळणार कसं? नेत्रदानाची इच्छा असेल तर तीही तिथेच, कारण कॉर्निया साधारण 6 तासांत काढावा लागतो आणि आय बँकेला फोन कोण करणार हे आधीच ठरलेलं बरं.