कॉपर वाकवताना: एसीच्या कामात नव्यानं येणाऱ्यांसाठी

घरातल्या पाण्याच्या लाइनीत आपल्याकडे तांबं जवळपास दिसत नाही. जीआय (जस्त चढवलेलं लोखंड) मागे पडलं, सीपीव्हीसी (प्लास्टिकचा पाइप) आलं आणि प्लंबर लोक एल्बो चिकटवायला लागले. घरगुती कामात हातानं तांब्याचा पाइप वाकवणारा माणूस उरला तो एसीवाला. आयटीआयला रेफ्रिजरेशन-एसीचा दोन वर्षांचा ट्रेड करून आलेली पोरं आमच्याकडे येतात तेव्हा गेज (गॅसचा दाब दाखवणारं मीटर) लावायला, गॅस चार्ज करायला उतावीळ असतात. मी त्यांना आधी कॉपरच्या कामाला लावतो. गेजचं वाचन शिकवता येतं. वाक मात्र हाताला कळावा लागतो, आणि फिटिंगनंतर महिन्याभरात येणाऱ्या तक्रारींचं मूळ बऱ्याचदा याच कामात असतं.

आधी मापं. दुकानात आणि साइटवर सगळं सूतात चालतं. आठ सूत म्हणजे एक इंच. स्प्लिट एसीत घरातलं इनडोअर आणि बाहेरचं आउटडोअर युनिट दोन तांब्याच्या पाइपांनी जोडतात, एक बारीक, एक जाड. एक टनाच्या स्प्लिटला बारीक लाइन दोन सूत (६.३५ मि.मी.) आणि जाड लाइन मॉडेलप्रमाणे तीन किंवा चार सूत. दीड टनाला सहसा दोन आणि चार, म्हणजे ६.३५ आणि १२.७ मि.मी. दोन टनाला जाड लाइन बरेचदा पाच सूत लागते. बॉक्समधल्या मॅन्युअलमध्ये हे छापलेलं असतं. ते फेकायच्या आधी बघा.

माप जितकं महत्त्वाचं तितकीच भिंतीची जाडी. आर-३२ (एसीत भरायचा गॅस) च्या मशीनला चार सूतापर्यंत ०.८ मि.मी. जाडीचा पाइप हवा. त्याचं कारण साधं आहे. चाळीस अंशाच्या दुपारी मशीन नुसतं बंद उभं असलं तरी आर-३२ चा दाब सुमारे ३४५ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) असतो. जुन्या आर-२२ चा त्याच तापमानाला २०८ च्या आसपास. बाजारात पातळ कॉपर भरपूर मिळतं आणि डोळ्यांना फरक कळत नाही. मी वजनकाटा वापरतो. ०.८ जाडीचा चार सूती पाइप मीटरला साधारण २६८ ग्रॅम भरतो, ०.६ चा २०४ ग्रॅम. तीन मीटरच्या तुकड्यात दोनशे ग्रॅमच्या जवळ फरक पडतो, तो किराणा दुकानाच्या काट्यावरही दिसेल. पातळ पाइपचा आणखी एक तोटा आपल्याच अंगावर येतो: वाकवताना तो आधी चेपतो, आणि बोल आपल्याला बसतात की पोराला काम येत नाही.

आता तांब्याचा स्वभाव. रोलमध्ये येतो तो नरम पाइप, कारखान्यात तापवून मऊ केलेला. सरळ दांड्यांत येतो तो कडक. हॉस्पिटलच्या ऑक्सिजन लाइनीला तसला वापरतात, तिथं वळणाला फिटिंग घालून ब्रेझिंग (टॉर्चनं धातू वितळवून जोड) करतात. आपला नरम पाइप वाकवला की वाकलेल्या जागी तो कडक होतो. परत सरळ केला की आणखी कडक. त्याच जागी पुन्हा वाकवायला गेलात तर एक तर चेपतो नाही तर चिरतो. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत हे कोणालाही विचारा. ठोकून ठोकून भांडं कडक झालं की तांबट ते भट्टीत तापवून पुन्हा नरम करतात, मगच पुढचे ठोके. पोलादासारखं तांबं तापवून पाण्यात बुडवल्यानं कडक होत नाही, म्हणून त्यांना ते लगेच थंडही करता येतं.

मग आपणही टॉर्चनं तापवून नरम का करू नये? करू नये, कारण आपल्या पाइपच्या आतून गॅस आणि तेल फिरणार आहे. आत नायट्रोजन न सोडता तापवलात तर आतल्या बाजूला काळी पापडी धरते, ती सुटून कॅपिलरी (गॅसचा दाब उतरवणारी अगदी बारीक नळी) नाहीतर तेच काम करणाऱ्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हपाशी अडकते. जुने लोक पाइपमध्ये कोरडी वाळू ठासून वाकवायचे. रेलिंगला ठीक आहे, आपल्या लाइनीत वाळूचा एक कणही चालत नाही. तेव्हा साइटवर हिशोब सरळ: एका जागी एकच वाक, आणि तो पहिल्या वेळीच बरोबर.

त्यामुळे वाकवायच्या आधी रस्ता ठरवा. इनडोअर कुठं, भिंतीतलं भोक कुठं, आउटडोअरचे व्हॉल्व्ह कुठल्या बाजूला, हे सगळं बघून टेपनं मोजा. भिंतीवर पेन्सिलनं रेघ मारा, घरमालक कुरकुरला तरी मारा, पुसता येते. कोपऱ्यापर्यंत मोजून दोन्ही बाजूंची बेरीज केलीत तर पाइप थोडा जास्तच निघेल, कारण गोल वाक कोपरा कापून जातो. काटकोनातल्या वाकाची लांबी त्रिज्येच्या १.५७ पट असते. १०० मि.मी. त्रिज्येचा वाक १५७ मि.मी. पाइप खातो, कोपऱ्यातून मोजलं तर २०० भरतात. म्हणजे प्रत्येक वाकामागे चार-साडेचार सेंटीमीटर उरतात. हे माहीत असलं की "पाइप कमी पडला" अशी वेळ येत नाही. उरलेला पाइप कापता येतो. वाढवायचा म्हटलं तर जोड आला, आणि जोड म्हणजे लीकची जागा.

रोल उलगडायचीही रीत आहे. रोल जमिनीवर उभा धरा, मोकळं टोक तळपायानं नाहीतर हातानं जमिनीला दाबा आणि रोल पुढं लोटत न्या. पाइप आपोआप सरळ पसरतो. आडवा रोल ठेवून टोक वर ओढलं की पाइपला पीळ पडतो, तो पीळ पुढं प्रत्येक वाकात त्रास देतो. लागेल तेवढाच उलगडा. टोकांची टोपणं काढू नका. भोकातून पाइप घालताना सिमेंटचा भुगा आत जातो आणि पावसाळ्यात ओल. टोपण हरवलं असेल तर टेप गुंडाळा.

आता प्रत्यक्ष वाक. नवीन मुलगा पाइप दोन्ही टोकांना धरतो आणि मध्ये जोर लावतो. सगळा जोर एका बिंदूवर येतो आणि पाइप तिथंच मोडल्यासारखा चेपतो. हात जवळ आणा. दोन्ही अंगठे वाकाच्या आतल्या बाजूला शेजारी शेजारी ठेवा, बाकीची बोटं बाहेरून. थोडंसं वाकवा, जेमतेम जाणवेल एवढंच. मग दोन्ही हात बोटभर पुढं सरकवा आणि पुन्हा थोडं. असं खुणेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत जायचं, मग परत पहिल्यापासून. वाक एका जागी घालायचा नसतो, तो लांबीभर पसरवायचा असतो. दोन सुती पाइप असा नुसत्या अंगठ्यांनी छान येतो. तीन सुतीलाही जमतं. चार सूताला अंगठे कमी पडतात, तिथं गुडघ्याचा आधार घेऊन मोठा, मोकळा वाक घालता येतो. मी नुसत्या हातानं चार सूताला १०० मि.मी. त्रिज्येच्या खाली जात नाही. पाच सूताला हात लावूच नका, बेंडर (पाइप वाकवायचं हत्यार) घ्या.

वाकवताना कान आणि बोटं जागी ठेवा. चेपायच्या आधी पाइप सांगतो: आतल्या बाजूला अंगठ्याखाली सपाट लागायला लागतं. तिथं थांबा, हात सरकवा, बाजूच्या जागेवर वाक घाला. आम्ही बरेचदा इन्सुलेशन चढवूनच वाकवतो आणि खरा धोका तिथं आहे, कारण फोमखाली चेपलेलं दिसत नाही. वाक झाल्यावर फोम दाबून आतला पाइप चाचपून बघायची सवय लावा.

घट्ट वाक हवा असेल तर स्प्रिंग. आपल्याकडे चालते ती बाहेरून चढवायची, प्रत्येक सूताची वेगळी. इंग्लंडकडचे प्लंबर १५ मि.मी.च्या पाण्याच्या पाइपला आतून घालायची स्प्रिंग वापरतात, तीही चांगली, पण गॅसच्या लाइनीत आत काहीही सरकवायला माझा जीव धजत नाही. बाहेरची स्प्रिंग वाकाच्या मधोमध आणा, वाकवा, हवं त्यापेक्षा चिमूटभर जास्त, आणि तेवढंच परत सोडा. तेवढ्यानं स्प्रिंग सैल होते. तरी अडकली तर ओढू नका. ती उलगडेल त्या दिशेनं पिळत काढा. फ्लेअर मारायच्या, म्हणजे नटाच्या जोडासाठी पाइपचं तोंड फुलवायच्या, आधीच हे सगळं, कारण फुललेल्या तोंडावरून स्प्रिंग निघत नाही.

लिव्हर बेंडरला फार सांगण्यासारखं नाही. चार सूताच्या बेंडरची त्रिज्या साधारण ३८ मि.मी. असते, वाक देखणा येतो. मोजलेलं टोक डावीकडं असेल तर पाइपवरची खूण बेंडरवरच्या एल वर, उजवीकडं असेल तर आर वर. लिव्हर सोडल्यावर पाइप थोडा उघडतो, म्हणून दोन-तीन अंश पुढं जाऊन थांबा. एका पाइपला दोन वेगळ्या दिशांना वाक असतील तर आधी पाइपच्या पाठीवर मार्करनं लांब रेघ ओढा. रेघ नसेल तर दुसरा वाक तिरका जातो आणि भिंतीला लागत नाही.

क्रम लक्षात ठेवा: कापणं, रीमर फिरवणं (कापलेल्या तोंडाची आतली धार काढणं), वाकवणं, नट घालणं, आणि सगळ्यात शेवटी फ्लेअर. रीमर फिरवताना पाइपचं तोंड खाली, म्हणजे कीस बाहेर पडतो. टोकाजवळ वाक आणू नका, हातभर नाही तरी वीतभर सरळ सोडा. वाकात पाइप किंचित लंबगोल होतो, तिथून नट सरकत नाही आणि फ्लेअरिंगच्या पट्टीत तो नीट बसत नाही. लंबगोल तोंडावर मारलेला फ्लेअर कितीही आवळा, गळणार.

आता सगळ्यात नाजूक जागा. इनडोअर युनिटच्या मागून जे दोन पाइप बाहेर येतात ते त्याच्या कॉइलला कायमचे जोडलेले असतात. ते डावीकडे, उजवीकडे किंवा मागे वळवावे लागतात. तिथं चेपला तर आपला पाइप बदलून भागत नाही, कॉइलवरच गदा येते. मुळाशी एका हाताची मूठ पक्की ठेवा, म्हणजे जोडावर ताण जात नाही, आणि दुसऱ्या हातानं हळूहळू, पसरून वळवा. कुठल्या बाजूला न्यायचा हे युनिट उचलण्याआधी ठरलेलं हवं. इकडं वळवून बघू, नाहीतर तिकडं, हा विचार इथं चालत नाही. हे काम मी नवीन मुलाला देत नाही; शेजारी उभं करून दाखवतो.

चेपलेला पाइप तसाच ठेवला तर काय होतं? जाड लाइन चेपली तर कॉम्प्रेसरला परत येणारा गॅस कमी पडतो, थंडावा घटतो, कॉम्प्रेसर तापतो. बारीक लाइन चेपली तर त्या जागी दुसरी कॅपिलरी लावल्यासारखं होतं, चेपलेल्या जागेपुढं घाम नाहीतर बर्फ धरतो. आपल्या बहुतेक घरगुती स्प्लिटमध्ये गॅसचा दाब आउटडोअरमध्येच उतरतो, म्हणून बारीक लाइनही गारच असते. दोन्ही लाइनींना वेगवेगळं इन्सुलेशन हवं ते त्यासाठी. ग्राहक मात्र म्हणतो गॅस कमी झाला, येणारा मेकॅनिक गॅस भरून जातो, आणि चेपलेली जागा भिंतीत तशीच राहते. पक्कडीनं दाबून गोल करायचा प्रयत्न मी बऱ्याच जणांना करताना पाहिलाय. बाहेरून गोल दिसतो, कडक झालेली ती भिंत काही महिन्यांनी चिरते. कापा आणि नीट जोडा, किंवा लाइनच बदला.

पुण्यात, मुंबईत भाड्याच्या घरांमुळे एक वेगळं काम कायम येतं. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट संपलं की माणूस एसी उचलून दुसऱ्या घरी नेतो. जुना पाइप सरळ करून तिथं परत वाकवायचा, असं त्याला वाटतं. एकदा हललेला पाइप जुने वाक तसेच ठेवून बसत असेल तर वापरा. जुना वाक सरळ करून दुसरीकडे वाकवायचा असेल तर स्पष्ट सांगा की नवीन कॉपर लागेल. पैशावरून घासाघीस होते, होऊ द्या. दोन-तीन ठिकाणी हललेल्या मशीनचे फ्लेअर तर दर वेळी कापून नवीनच मारायचे.

लाइन पूर्ण झाली की नायट्रोजननं मॅन्युअलमधल्या दाबाला चाचणी, साबणाचा फेस, मग व्हॅक्यूम (पंपानं आतली हवा आणि ओल ओढून काढणं). ऑक्सिजनच्या सिलिंडरनं दाब देणारे लोक अजून भेटतात. तेलाशी ऑक्सिजन आला की स्फोट होतो. असं कोणी सांगितलं तर काम सोडून खाली उतरा.

सराव कशावर करायचा? तुकड्यांवर. प्रत्येक साइटवर फूट-दीड फुटाचे तुकडे उरतात. ते भंगारात चांगल्या भावानं जातात, म्हणून बहुतेक मिस्त्री ते सोडत नाहीत; आधी मागून घ्या, वापरून परत द्या, वजन तेवढंच राहतं. दोन सूतापासून सुरुवात करा. एका तुकड्याला इंग्रजी यू सारखा वाक घाला आणि वाकाच्या बरोबर मध्यावर हॅकसॉनं आडवा कापा. आतला आकार किती लंबगोल झाला, बाहेरची भिंत किती पातळ झाली हे दिसतं. हातानं वाकवलेला, स्प्रिंगनं वाकवलेला आणि बेंडरचा, असे तीन कापून शेजारी ठेवले की मी इथं लिहिलंय त्यापेक्षा जास्त कळेल.

स्वतःची हत्यारं म्हणाल तर सुरुवातीला चांगला ट्यूब कटर, रीमर, दोन ते पाच सूताच्या स्प्रिंगांचा सेट आणि टेप पुरे. फ्लेअरिंग टूल मात्र स्वस्तातलं घेऊ नका. बेंडर मिस्त्रीचा वापरा, नंतर घ्या. आणि शिकायला यायचं तर दिवाळीनंतर या. मार्च ते जून आमच्याकडे कोणाला मान वर करायला वेळ नसतो, त्या दिवसांत नवीन मुलाच्या वाट्याला फक्त शिडी आणि ड्रिल येतं. थंडीत कामं कमी असतात, मिस्त्री निवांत असतो, आणि तुकडा वाया गेला तरी कोणी ओरडत नाही.