आपल्या गावाचा भूगोल आणि वारसा कसा नोंदवावा

गावाची माहिती लिहायला बसलेले बहुतेक जण 'आमच्या गावाला प्राचीन इतिहास आहे' या वाक्यापाशीच अडतात. त्यांनी स्पेनमधील खेड्यांची एक जुनी रीत पाहावी. १५७५ साली राजा दुसरा फिलिप याने कॅस्टीलमधील गावोगावी प्रश्नावली धाडली आणि गावातील जाणत्या माणसांकडून उत्तरे मागवली: गावाला हे नाव का पडले, जमीन सपाट की डोंगराळ, पाणी कोठून येते, सरपण मिळते का, घरे कशाची बांधतात आणि ते सामान कोठून आणतात. शेकडो लहान गावांची उत्तरे माद्रिदजवळच्या एस्कोरिआल या राजमठाच्या ग्रंथालयात आजही जपलेली आहेत.

हेच प्रश्न वही घेऊन आपल्या पारावर विचारावेत. आरंभ पाण्यापासून करावा. मराठवाड्यात गावचा ओढा तेरणेला मिळतो, मांजरेला की दुधनेला, हे शिवारातून स्वतः चालत जाऊन पाहावे आणि वाटेतील प्रत्येक रानाचे बोलीतले नाव जसेच्या तसे टिपावे, कारण गट नंबर पडल्यापासून ही नावे म्हाताऱ्यांच्याच तोंडी उरली आहेत. जमिनीसाठी १९५४-५५ सालचे खासरा पाहणी पत्रक, म्हणजे जमिनीची जुनी सरकारी नोंद, तहसीलमधून मागवावे. निजामी काळातील कागद उर्दूत किंवा मोडीत असल्यास वाचणारा जाणकार आधी गाठावा.

मराठवाड्यात सर्वांत जास्त सांगून जातो तो घरांचा प्रश्न. मातीत रचलेल्या काळ्या दगडांच्या रुंद भिंती, त्यांवर तुळया आणि किलच म्हणजे आडव्या लाकडी पट्ट्या, आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर, असे माळवद उन्हाळ्यात घर थंड ठेवत असे. ही माती कोठून आणत, असे विचारले की गावठाणातली जुनी पांढर, म्हणजे जुन्या वस्तीची पांढऱ्या मातीची जागा, आपोआप सापडते. औसा, उमरगा, लोहारा या भागांत मात्र 'माळवदे कधी संपली?' या प्रश्नाला ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट हेच उत्तर मिळेल, कारण किल्लारीच्या भूकंपात माणसे त्याच जड छतांखाली आणि दगडांखाली गाडली गेली. तेथे उत्तराची घाई करू नये. वही मिटून नुसते बसावे.

वेशीजवळचा वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव स्मारकदगड, खालून वर वाचावा: तळाशी लढाई, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य. बहुतेक ठिकाणी त्याला शेंदूर किंवा ऑइलपेंट फासलेला असतो, तो खरवडू नये. शिलालेख असल्यास अक्षरांत खडू भरू नये. सकाळच्या तिरप्या उन्हात छायाचित्र घेतले की अक्षरे उठून दिसतात.

पाहिलेले आणि ऐकलेले वेगवेगळ्या रकान्यांत लिहावे. मी एकदा गढीचा ऐकीव काळ पाहिलेल्याच्या रकान्यात लिहिला आणि तो तसाच गावच्या स्मरणिकेत छापून आला. आता तो खोडायला कोणी तयार नाही. म्हणून पक्की प्रत करण्याआधी उत्तरे देणाऱ्या आजोबांना सारे वाचून दाखवावे आणि त्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या त्यांच्याच शब्दांत समासात उतरवून घ्याव्यात.