शाळा आणि समाजभवनांचे हरित नूतनीकरण : नागपुरात या चुका टाळा

शाळेच्या व्यवस्थापनाकडे किंवा समाजभवनाच्या समितीकडे दुरुस्तीसाठी निधी आला, की नागपुरात पहिला ठराव बहुधा सौर पॅनलचा होतो आणि दुसरा एसीचा. छताचा विषय गळती लागल्याखेरीज कोणी काढत नाही. हा क्रम उलटा आहे. आधी ऊन इमारतीत शिरू द्यायचे नाही, शिरलेली उष्णता बाहेर जाण्यास वाट द्यायची, मग पंखे व दिवे कमी वीज खाणारे घ्यायचे आणि एवढे करूनही जी वीज लागेल तिच्यापुरते पॅनल बसवायचे, असा क्रम ठेवला तर तोच निधी अधिक दूरवर पुरतो. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका या उलट्या क्रमातूनच निर्माण होतात.

इमारत केव्हा वापरली जाते, हे न पाहणे

वास्तुरचनेच्या दृष्टीने नागपूरचे हवामान संमिश्र गटात मोडते, म्हणजे येथे कोरडा कडक उन्हाळा, दमट पावसाळा आणि थोडी थंडी हे तिन्ही सांभाळावे लागते. २३ मे २०१३ रोजी शहरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते आणि आराखडा करताना सर्वांच्या डोळ्यांसमोर असाच मे महिना असतो. मात्र मे महिन्यात शाळेला सुटी असते आणि विदर्भातील शाळा उर्वरित राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. वर्गात मुले प्रत्यक्ष बसतात ती जुलै ते सप्टेंबरच्या दमट उकाड्यात, ऑक्टोबरच्या उन्हात आणि मार्च-एप्रिलच्या सकाळच्या शाळेत. समाजभवनाचे गणित वेगळे आहे, कारण लग्नसराईमुळे तेथील सर्वाधिक गर्दी एप्रिल-मे महिन्यांतच होते. अभ्यासिका तर स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांनी बारा महिने, रात्री उशिरापर्यंत भरलेली असते.

त्यामुळे तिन्ही इमारतींना एकच उपाय लावणे ही पहिली चूक ठरते. शाळेला मुख्यतः आरपार वारा आणि चांगले पंखे लागतात, समाजभवनाला मोठे कूलर व गरम हवा बाहेर टाकणारे पंखे लागतात, तर अभ्यासिकेचा खरा शत्रू संध्याकाळी तापलेला स्लॅब असतो. सहा इंची काँक्रीटच्या स्लॅबमधून दुपारची उष्णता खाली झिरपण्यास काही तास लागतात, म्हणून दुपारी सुसह्य वाटणारी वरच्या मजल्यावरची खोली संध्याकाळी सात-आठ वाजता भट्टीसारखी होते. ‘दिवसभर बरे असते, रात्रीच बसवत नाही’ ही अभ्यासिकेतील तक्रार ऐकली, की दोष छतात आहे असे समजावे आणि एसीच्या कंत्राटदाराला त्यानंतर बोलवावे.

निर्णयापूर्वी मोजमापही करावे. साधे तापमापक वेगवेगळ्या खोल्यांत टांगून दोन-तीन आठवडे सकाळ, दुपार व रात्रीच्या नोंदी ठेवल्या आणि स्लॅबच्या खालच्या बाजूचे तापमान इन्फ्रारेड तापमापकाने घेतले, तर पैसा कोठे घालायचा हे बरेचसे उघड होते. तापमापक खिडकीच्या उन्हात किंवा कूलरच्या झोतात मात्र नसावा. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखवले आणि यंत्रणेतील बिघाडामुळे तसे झाल्याचे हवामान विभागाला स्पष्ट करावे लागले. समितीच्या बैठकीत आकडे मांडणाऱ्याने ही घटना लक्षात ठेवावी.

छतावरील चुका

नागपूर सुमारे २१.१५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य येथे अगदी डोक्यावर येतो, आणि तेव्हा सपाट छतावर जेवढे ऊन पडते तेवढे कोणत्याही भिंतीवर पडत नाही. एक-दोन मजली शाळांमध्ये तर भिंतींच्या मानाने छताचे क्षेत्र मोठे असते. तरीही छताकडे केवळ गळतीच्या नजरेने पाहिले जाते आणि पुढच्या चुका तेथूनच सुरू होतात.

गळती थांबवण्यासाठी डांबरी पडदा किंवा काळा लेप टाकून तो तसाच उघडा ठेवणे ही त्यांपैकी सर्वांत महाग पडणारी चूक आहे. पाणी थांबते, पण काळा पृष्ठभाग बहुतेक ऊन शोषून घेतो आणि खालचा वर्ग पूर्वीपेक्षा जास्त तापतो. डांबरी पडदा वापरायचाच असेल तर त्यावर पांढऱ्या तुकड्यांचे चायना मोझॅक किंवा परावर्तक लेप हवाच. काही ठिकाणी चकाकणारा ॲल्युमिनियम रंग लावतात. तो ऊन परतवतो हे खरे, परंतु शोषलेली उष्णता आकाशाकडे टाकून देण्याची त्याची क्षमता कमी असते, त्यामुळे चांगला पांढरा लेप त्याच्यापेक्षा सरस ठरतो. ऊर्जा संवर्धन इमारत संहितेच्या २०१७ च्या आवृत्तीत थंड छतासाठी सुरुवातीची सौर परावर्तनक्षमता किमान ०.६० आणि उत्सर्जनक्षमता (शोषलेली उष्णता बाहेर टाकून देण्याची क्षमता) ०.९० मागितली आहे. लेप खरेदी करताना विक्रेत्याकडून हे दोन आकडे चाचणी अहवालासह घ्यावेत. डब्यावर ‘कूल’ लिहिलेले असणे पुरेसे नाही.

निधी अगदीच तुटपुंजा असेल तर चुना आणि चिकटद्रव्य यांचा लेपही उपयोगी पडतो, मात्र पावसाळ्यात तो बराच धुऊन जातो, म्हणून दरवर्षी होळीच्या सुमारास तो पुन्हा लावण्याची तरतूद अंदाजपत्रकात हवी. महागडा लेपसुद्धा धुळीने काळवंडला की निम्मा निकामी होतो. उन्हाळ्याच्या तोंडावर छत धुणे हे देखभालीचेच काम आहे आणि ते कोणाच्या तरी नावावर लिहून दिलेले असावे.

दुसरी चूक अधिक धोकादायक आहे. छतावर घातलेला विटांच्या तुकड्यांचा जुना थर, म्हणजे कोबा, न काढता त्यावर नवा कोबा घालण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आढळते. चार इंची कोब्याचे वजन दर चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास जाते, तर भारतीय मानकांनुसार ये-जा असलेल्या छतासाठी गृहीत धरला जाणारा चल भार (माणसे व हलत्या वस्तूंचे वजन) दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे दीडशे किलो आहे. जुन्या स्लॅबवर असे दोन थर चढवून वर पाण्याची टाकी आणि पॅनलचा सांगाडा ठेवण्याआधी संरचना अभियंत्याचा लेखी दाखला घेतलाच पाहिजे. कोबा खरोखर खराब झाला असेल तर तो काढून जलरोधक थर, त्यावर दाबाला टिकणारे पन्नास मिलिमीटर जाडीचे उष्णतारोधक तक्ते, त्यावर उतार दिलेला पातळ काँक्रीट थर आणि शेवटी पांढरी फरशी असा क्रम ठेवावा. त्यामुळे वजनही घटते.

रोधक थर स्लॅबच्या वर घालायचा की खाली, याबद्दल गोंधळ असतो. स्लॅबखाली थर्माकोलचे छत टांगणे स्वस्त वाटते, पण त्याने स्लॅब स्वतः तापायचा थांबत नाही, तो फुगतो-आकसतो, तडे जातात, गळतीची जागा दिसेनाशी होते आणि शाळेत जळणारे साहित्य डोक्यावर येते ते वेगळेच. शक्य तेथे रोधन वरूनच करावे. टिनाच्या पत्र्यांचे सभागृह असेल तर वरून पांढरा लेप, पत्रा व आतील छत यांच्यामध्ये हवा खेळेल अशी पोकळी आणि कडेने गरम हवेला वाट, हे तिन्ही एकत्र करावे लागते. नुसते आतील छत लावून पोकळी बंद केली तर तेथे साठलेली उष्णता खाली उतरतच राहते.

छज्जा, खिडकी आणि पश्चिमेची भिंत

चारही बाजूंना सारख्याच रुंदीचा छज्जा काढणे नकाशावर नीटनेटके दिसते, पण सूर्य चारही बाजूंना सारखा नसतो. दक्षिणेच्या खिडकीला छज्जा उत्तम काम देतो. पश्चिमेला चार वाजताचे ऊन तिरपे, जवळजवळ समोरून येते. तेथे आडवा छज्जा कितीही वाढवला तरी उपयोग कमीच होतो, म्हणून उभे पडदे, जाळीची भिंत, ओसरी किंवा झाड लागते. आणखी एक गोष्ट अनेकदा सुटते, ती म्हणजे मे-जून महिन्यांत येथे सूर्य पश्चिमेपासून वीस अंशांहून अधिक उत्तरेकडे सरकून मावळतो, त्यामुळे ‘उत्तर बाजू म्हणजे थंड’ असे धरून तिकडे मोठ्या काचा लावल्या की संध्याकाळच्या कार्यक्रमाला ऊन थेट मंचावर येते. उन्हाळ्यात ठिकठिकाणी ताणली जाणारी हिरवी जाळी पश्चिमेच्या भिंतीबाहेर हातभर अंतर सोडून लावली तर स्वस्तात मोठा फरक पडतो. ती खिडकीला चिकटवून मात्र लावू नये, त्याने वाराही अडतो.

झाड लावताना जमीन पाहावी. शहराच्या ज्या भागांत काळी माती आहे तेथे ती ओलाव्याने फुगते व सुकल्यावर आकसते. मोठ्या झाडाची मुळे पायाजवळचे पाणी ओढू लागली तर जोत्याला तडे जातात. सावली भिंतीवर पडेल, पण मुळे पायापर्यंत पोहोचणार नाहीत, एवढे अंतर ठेवावे.

‘हरित’ विटांचा गैरसमज

कोराडी आणि खापरखेडा येथील औष्णिक वीज केंद्रे जवळ असल्यामुळे फ्लाय ॲशच्या, म्हणजे कोळशाच्या राखेच्या, विटा नागपुरात सहज मिळतात. भट्टी पेटवावी लागत नाही, शेतातील सुपीक माती वाचते आणि राखेचा उपयोग होतो, म्हणून त्या जरूर वापराव्यात. मात्र त्या वापरल्याने खोली थंड राहील अशी अपेक्षा चुकीची आहे, कारण उष्णतावहनाच्या बाबतीत त्या लाल विटांच्या जवळपासच असतात. वजनाने हलके एएसी ब्लॉक (हवेच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र केलेले काँक्रीटचे ठोकळे) त्यांच्या तुलनेत उष्णता साधारण चौथा-पाचवा हिस्साच वाहून नेतात. पण हे ब्लॉक नेहमीच्या जाड सिमेंट थरात रचले आणि स्तंभ-तुळईच्या सांध्यांवर जाळी न मारता गिलावा केला, तर वर्षभरात रेषेसारखे तडे दिसू लागतात. पातळ थराचा चिकट मसाला आणि सांध्यांवरील जाळी या बाबी निविदेतच लिहून घ्याव्यात.

जुन्या, चुन्यात बांधलेल्या शाळांमध्ये नेमकी उलट चूक होते. उंच छत, जाड भिंती, ओसरी आणि छताजवळचे झरोके ही त्या इमारतींची आयती शीतकरण व्यवस्था असते. नूतनीकरणात एसीसाठी झरोके बुजवले जातात, खाली जिप्समचे छत येते आणि भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढतो. चुन्याच्या भिंतीतील ओलावा सिमेंटच्या थरातून बाहेर पडू शकत नाही, तो आतच कोंडतो आणि रंगाचे पापुद्रे निघत राहतात. अशा भिंतीला चुन्याचाच गिलावा द्यावा. तो करणारे मिस्त्री शोधावे लागतात, हा वेळ कामाच्या वेळापत्रकात धरावा.

कूलर चालू, तरी घाम

कूलरच्या शहरात ही तक्रार असावी याचे नवल वाटते, पण कारण बहुधा एकच असते. कूलर बाहेरची हवा ओलावून आत ढकलतो. तेवढीच हवा समोरच्या बाजूने बाहेर गेली नाही तर खोलीत फक्त दमटपणा साठतो. एसीच्या सवयीने खिडक्या बंद करून कूलर लावला की हेच घडते. दर मिनिटाला १००० घनफूट हवा देणाऱ्या कूलरमागे समोरच्या बाजूला साधारण दोन चौरस फूट उघडी जागा ठेवावी. मे महिन्यात हवा कोरडी असल्याने ४५ अंशांची हवा कूलरमधून तिशीच्या आसपास उतरू शकते, मात्र जुलैत हेच यंत्र निरुपयोगी होते. म्हणून शाळेने वर्गांसाठी कूलरवर मोठा खर्च करू नये. कूपनलिकेच्या जड पाण्याने पॅडवर क्षार साठतात, तेव्हा टाकीतील पाणी ठरावीक दिवसांनी पूर्ण बदलावे, आणि हंगाम संपताच टाकी कोरडी करावी, अन्यथा डासांची पैदास ठरलेली.

पंखे आणि दिवे

जुना छतपंखा सुमारे ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (ब्रशविरहित डीसी मोटरचा) पंखा ३० वॅटच्या आसपास. वीस वर्गांत मिळून ८० पंखे, रोज सहा तास, वर्षाला २०० दिवस असा हिशेब केला तर बचत ४,३२० युनिट होते. नागपुरात एक किलोवॉटचे पॅनल दिवसाला सरासरी चार युनिटच्या आसपास वीज देते, म्हणजे नुसते पंखे बदलल्याने सुमारे तीन किलोवॉट पॅनलची वर्षभराची वीज वाचते. दिव्यांच्या बाबतीत चूक वायरिंगमध्ये असते. खिडकीजवळची आणि भिंतीकडची रांग एकाच बटणावर असेल तर भर दुपारीही सगळेच दिवे जळतात. म्हणून खिडकीला समांतर असलेल्या प्रत्येक रांगेचे बटण स्वतंत्र ठेवावे.

पॅनल बसवताना

पॅनल टाकीच्या किंवा जिन्याच्या खोलीच्या उत्तरेला अगदी लागून ठेवू नयेत. डिसेंबरात भर दुपारीसुद्धा येथे वस्तूच्या उंचीएवढी सावली उत्तरेकडे पडते, सकाळी व संध्याकाळी तर त्याहून लांब; आणि एका पॅनलवरील सावलीचा फटका त्याच्याबरोबर जोडलेल्या संपूर्ण रांगेला बसू शकतो. सांगाड्यासाठी स्लॅबला भोके पाडून जलरोधक थर फोडणे टाळावे, वजनाचे काँक्रीट ठोकळे वापरावेत आणि वादळी वाऱ्याचा हिशेब अभियंत्याकडून करून घ्यावा. छताची दुरुस्ती नेहमी पॅनलच्या आधी व्हावी, कारण नंतर तोच सांगाडा उतरवून पुन्हा चढवण्याचा खर्च येतो.

‘सोलर आहे, तरी वीज गेली की अंधार का?’ हा प्रश्न उद्घाटनानंतरच्या पहिल्याच वादळात विचारला जातो. महावितरणच्या जाळ्याला जोडलेला साधा इन्व्हर्टर पुरवठा खंडित होताच सुरक्षिततेसाठी स्वतःही बंद होतो. बाहेर तारांवर काम करणाऱ्याला धक्का बसू नये म्हणून ही योजना असते. कार्यक्रमांचे सभागृह आणि अभ्यासिका यांना वीज अखंड हवी असेल तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर (पुरवठा खंडित झाल्यावरही बॅटरीवर चालणारा) हवा आणि तो निविदेत सुरुवातीलाच मागावा लागतो. देयक अपेक्षेइतके कमी झाले नाही तर स्थिर आकार (वापर कितीही असला तरी दरमहा लागणारी रक्कम) तपासावा. दिवे-पंखे बदलल्यावर प्रत्यक्ष भार बराच घटलेला असतो, परंतु मंजूर भार (जोडणीसाठी मान्य केलेली विजेची मर्यादा) जुनाच राहिलेला असतो आणि तो कमी करण्यासाठी महावितरणकडे वेगळा अर्ज करावा लागतो. समाजभवनाने हा अर्ज लग्नसराईतील कमाल मागणी पाहूनच द्यावा, नाहीतर मे महिन्यात मंजूर मर्यादा ओलांडली जाऊन दंडाची रक्कम भरावी लागते.