भर उन्हात समुद्रकिनारी पोर्ट्रेट : फ्लॅश कसा वापरावा

तारकर्लीच्या पुळणीवर भर दुपारी कुणाला उभं करून फोटो काढा. डोळ्यांच्या खोबणीत काळोख, नाकाखाली सावलीची मिशी, कपाळ पांढरंफटक, वर डोळे किलकिले. म्हणून माणसाची पाठ सूर्याकडे करा आणि चेहरा फ्लॅशने उजळा.

आपल्याकडे समुद्र पश्चिमेला. तो पाठीमागे हवा असेल तर दुपारी तीननंतर जा. सकाळी सूर्य जमिनीच्या बाजूने येतो, तेव्हा माणसाचं तोंड समुद्राकडे करून मागे सुरूचं बन घ्या.

आधी फ्लॅश बंद ठेवून मागचा प्रकाश बसवा. मॅन्युअल मोड, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, शटर १/२०० सेकंद, अॅपर्चर (लेन्सचं छिद्र; आकडा लहान तितकं ते मोठं) एफ ११. आभाळ निळं आणि चेहरा काळा आला, तर बरोबर चाललंय. शटर कॅमेऱ्याच्या सिंक मर्यादेच्या, म्हणजे फ्लॅशसोबत चालणाऱ्या कमाल वेगाच्या, वर नेऊ नका (बहुतेकांची १/१६० ते १/२५० असते). त्यापुढे शटरचे दोन्ही पडदे एकाच वेळी पूर्ण उघडे नसतात आणि फोटोत काळा पट्टा येतो.

आता फ्लॅश. कॅमेऱ्यावरून काढून ट्रिगरने (दूरचा फ्लॅश वायरविना पेटवणारं उपकरण) जोडा आणि माणसाच्या एका बाजूला, डोळ्यांपेक्षा थोडा उंच ठेवा. अंतराचं गणित सोपं आहे : गाइड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचा आकडा) भागिले अॅपर्चर. गाइड नंबर ३६ असेल तर एफ ११ ला पूर्ण ताकदीवर साधारण ३.३ मीटर. प्रकाश मऊ करणारी फ्लॅशची छत्री लावली की दोनेक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट) प्रकाश खर्ची पडतो, मग तोच फ्लॅश दीड मीटरवर आणावा लागतो. चेहरा आभाळापेक्षा स्टॉपभर कमीच राहू द्या, बरोबरीला आणलात तर कापून चिकटवल्यासारखा दिसतो. मागचं दृश्य उजळायचं असेल तर शटर १/१२५ करा. फ्लॅशच्या प्रकाशावर त्याचा परिणाम होत नाही, अॅपर्चरचा मात्र दोन्हींवर होतो.

पार्श्वभूमी धूसर हवी असेल तर अॅपर्चर मोठं उघडावं लागतं, पण त्यासाठी एचएसएसकडे (हाय-स्पीड सिंक, सिंक मर्यादेपुढेही फ्लॅश चालवणारी सोय) वळायची घाई नको. त्यात फ्लॅशची ताकद निदान दोन स्टॉपने घटते आणि सलग फोटो काढले की तो तापतो. त्यापेक्षा लेन्सवर एनडी ८ फिल्टर (प्रकाश कमी करणारी करडी काच) लावा. तीन स्टॉप कापले जातात, एफ ११ वरून एफ ४ वर येता आणि फ्लॅशची ताकद तीच पुरते.

जागेकडेही बघा. तारकर्लीची पांढरी वाळू खालून हनुवटीवर उजेड फेकते, तिथे फ्लॅश कमी लागतो. रत्नागिरीच्या मांडवीची काळसर वाळू ही मदत करत नाही. जांभ्याच्या गडग्याजवळ गालावर तांबूस झाक चढते, फ्लॅश तिथे ती धुऊन काढतो. दमट हवेत कपाळावर घाम असतोच आणि फ्लॅशमध्ये त्याचा पांढरा डाग पडतो. दर चार-पाच फोटोंनी रुमालाने टिपा, पुसू नका. नथीतला मोती चमकून डाग झाला, तर फ्लॅश वीतभर बाजूला सरकवा.

दुपारी खारे वारे सुटले की छत्री शिडासारखी फुगते आणि स्टँड आडवा होतो. रिकामी पिशवी न्या, तिथलीच वाळू भरून स्टँडच्या मधल्या दांड्याला अडकवा. बॅटरी पुळणीवर बदलू नका, वाळूचा एक कण झाकणाच्या खाचेत अडकला तरी ते नीट बसत नाही. घरी आल्यावर किंचित ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने फ्लॅश पुसा. फ्लॅशचा बूट (कॅमेऱ्यावर बसणारा त्याचा पाय) आणि त्यावरच्या पिना तेवढ्या कोरड्याच पुसा. मीठ तिथे राहिलं, तर पुढच्या वेळी फ्लॅश मध्येच पेटेनासा होतो.