परफॉर्मन्स क्लच टाकताय? या चुका टाळा

रिमॅप केलेली, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची फाइल बदलून ताकद वाढवलेली डिझेल गाडी क्लच सरकतोय म्हणून साताऱ्यातल्या माझ्या गॅरेजला आली की मालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं: "दादा, स्टेज थ्रीच टाकूया." स्टेज म्हणजे क्लच किती कडक पकडीचा, त्याचा नंबर. थ्रीच का, तर व्हिडिओत बघितलंय. टॉर्क, म्हणजे इंजिनाचा पिळण्याचा जोर, किती झालाय विचारलं की बीएचपी, म्हणजे पॉवर सांगतात. क्लचला बीएचपीशी काही देणंघेणं नाही, त्याच्यावर भार येतो तो टॉर्कचा. जुन्या स्विफ्टचं १.३ डीडीआयएस इंजिन कंपनीतूनच १९० न्यूटन मीटरचं, तेही २००० आरपीएमला. म्हणूनच डिझेलचा दमलेला क्लच रेडलाइनला, म्हणजे आरपीएमच्या शेवटाला नाही, तर चौथ्या गिअरमध्ये दोन हजारांच्या आसपास पाय दाबला की सरकतो. आरपीएमचा काटा वर पळतो आणि स्पीड जागेवर.

तेव्हा आधी रिमॅपवाल्याकडून टॉर्कचा आकडा लिहून घ्या. त्यावर पंचवीसेक टक्के धरा आणि तेवढ्याचाच क्लच शोधा. परदेशी सेटवर आकडा बऱ्याचदा पाउंड-फुटांत असतो, त्याला १.३५६ ने गुणा. ३०० लिहिलं असेल तर ते ४०७ न्यूटन मीटर झाले. हे गणित न करता ऑर्डर देणारे मला दर महिन्याला भेटतात.

आता स्टेजचं. हे नंबर प्रत्येक कंपनी आपापले लावते. एकाचा स्टेज टू दुसऱ्याच्या स्टेज थ्रीच्या बरोबरीचा निघतो. क्लच म्हणजे इंजिनासोबत फिरणाऱ्या फ्लायव्हीलच्या चाकावर प्रेशर प्लेटनं दाबून धरलेली प्लेट. बघायचं ते या प्लेटचं मटेरियल, प्लेटला झटका खाणाऱ्या स्प्रिंग आहेत की नाहीत आणि प्रेशर प्लेटचा दाब. एका स्विफ्टवाल्या पोरानं हट्टानं सहा पकची, म्हणजे अख्ख्या गोलाऐवजी सहा तुकड्यांची सिरॅमिक प्लेट मागवली, तीही बिनस्प्रिंगची. रिमॅपनंतर त्याचा टॉर्क जेमतेम २४०. नको म्हणून सांगितलं, तर त्यानं दुसरीकडून बसवून घेतली. पुढं सप्टेंबरात, ऐन फुलांच्या सीझनला, रविवारी घरच्यांना घेऊन कासला निघाला. यवतेश्वरच्या घाटात गाड्यांची रांग. दहा फूट पुढं, थांब, परत दहा फूट. सिरॅमिक प्लेट हळू पकडत नाही, एकदम चावते. त्यात या इंजिनाचा टर्बो दोन हजारांच्या खाली झोपलेला. क्लच सोडला की गाडी थरथरून बंद, म्हणून यानं रेस वाढवून हाफ क्लचवर चढवायला सुरुवात केली. मागं आई आणि वहिनी, गाडीत जळका वास, पाठीमागून हॉर्न. वरपर्यंत पोचलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी माझ्याकडं. "दादा, पीस खराब आलाय, परत पाठवू?" गिअरबॉक्स उतरवला तर प्लेट ठणठणीत. सिरॅमिकला तापण्याचं काही वाटत नाही, ती सगळी उष्णता फ्लायव्हीलनं खाल्ली होती. तोंडावर रुपयाएवढे निळे डाग. स्प्रिंगवाली ऑर्गॅनिक, म्हणजे नेहमीच्या मटेरियलची प्लेट आणि जरा जास्त दाबाची प्रेशर प्लेट एवढ्यात त्याचं काम झालं, तेही अर्ध्याहून कमी पैशात. पक प्लेट ट्रॅकवरच्या गाडीला ठीक. आपल्याकडं गाडी यवतेश्वर चढते, पसरणी चढते आणि संध्याकाळी मंडईत भाजी आणायला जाते.

त्या निळ्या डागांवरून दुसरी चूक: नवी प्लेट जुन्याच फ्लायव्हीलवर बसवणं. डाग पडतो तिथं लोखंड कडक झालेलं असतं. लेथचं टूल त्यावरून उडी मारून जातं, म्हणून मी सरफेस ग्राइंडिंगचाच आग्रह धरतो. एमआयडीसीत काम होतं, दिवस जातो. ज्यांना संध्याकाळीच गाडी हवी असते त्यांनी माझ्याकडं येऊ नये. फ्लायव्हील पायरीचं असेल, म्हणजे प्लेट घासते ते तोंड आणि प्रेशर प्लेट बसते ते तोंड वेगळ्या उंचीला असेल, तर दोन्ही तोंडं सारखी उतरवा, नाहीतर दाबाचं माप चुकतं. ड्युअल मास, म्हणजे मधे स्प्रिंग असलेलं दोन भागांचं फ्लायव्हील मात्र लेथवर लावू नका. ढिलं झालं असेल तर बदला. त्याजागी हलकं सिंगल मास टाकलं की गाडी घाटात उठताना बंद पडते आणि न्यूट्रलला गिअरबॉक्स खडखडतो. मग तक्रार घेऊन येऊ नका.

बाकीच्या चुका थोडक्यात. गिअरबॉक्स उतरलाच आहे तर पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग नवंच टाका. क्रँकचं मागचं सील ओलं दिसलं तर आधी ते बदला, तेलकट प्लेट कुठल्याही स्टेजची असो, सरकणारच. ग्रीसच्या हातानं प्लेट धरू नका. स्प्लाइनला, म्हणजे प्लेट बसते त्या शाफ्टच्या दातांना, ग्रीस बोटभर नाही, पुसल्यासारखं. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. जड प्रेशर प्लेट असेल तर पोवई नाक्यावर गर्दीत पहिला गिअर टाकून क्लच दाबून बसू नका, तो दाब क्रँकला पुढंमागं सरकू न देणाऱ्या थ्रस्ट वॉशरवर जातो. टॉर्क खरंच अफाट असेल तर दोन प्लेटचा सेट घ्या. घासणारी तोंडं दोनाची चार होतात, पायाला जडही लागत नाही. फक्त खिसा बघून.

आणि रनिंग, म्हणजे नवा क्लच रुळवणं. नवा क्लच बसायला साधारण ८०० किलोमीटर लागतात, तेही गावातले. एकजण बसवल्या दिवशीच कोल्हापूरला जाऊन आला. "अडीचशे झाले दादा, आता ओढू का?" त्यात क्लच दाबला किती वेळा? तासवडे आणि किणीच्या टोलनाक्यावर. टॉप गिअरला प्लेट फ्लायव्हीलला चिकटून फिरते, घासतच नाही, मग तोंडं जुळणार कशी? त्याला सांगितलं, राजवाडा ते एसटी स्टँड फेऱ्या मार. वैतागला. म्हणून आता मी क्लच बसवतानाच रिमॅपची फाइल काढून स्टॉक, म्हणजे कंपनीचा मूळ मॅप टाकायला लावतो. आठशे झाले की या, परत टाकून घेऊ.